टीसीचा ठिपका : एका लेबलावर भाष्य

अंबाजोगाईत राहून भाष्याची सवय लागू नये, हे अवघडच. मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीकाठी. दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचला, आणि ‘पंचीकरण’ लिहायला कागद पुरेना म्हणून की काय, सुमारे ४० फूट लांबीची पासोडी घेतली. माझ्यापुढची संहिता मात्र दोन बोटं रुंद आहे. रुपेरी चिकटपट्टीवर छापलेली, एका कडेने उष्णतेनं पिवळी पडलेली.

हे एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरचं लेबल. खांबावरून घरात येतो २३० व्होल्टांचा एसी, दिव्याला लागतो मोजून दिलेला डीसी. मधल्या मध्ये दुभाष्याचं काम करतो तो ड्रायव्हर. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी तो अजून ‘चोक’च. आमच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत मुलांची अभ्यासिका चालते. तिथल्या छतातल्या एका पॅनलचा चोक दोन उन्हाळ्यांत दोनदा गेला. दुसरा गेला तेव्हा मी तो मिस्त्रींकडून मागून घेतला.

“सर, काय करता हे घेऊन? भंगारवालाबी घेत नाही.”

वाचतो म्हणालो. मजकूर इंग्रजीत होता, तो देवनागरीत उतरवून घेतला आहे. कंपनीचं नाव गाळलं आहे. अर्थ लावायला त्याची गरज पडत नाही.

“एलईडी ड्रायव्हर, स्थिर प्रवाह, ३६ वॉट”

‘स्थिर’ हे विशेषण प्रवाहाचं, दाबाचं नव्हे. एलईडीला व्होल्टेज किंचित जास्त मिळालं तरी ती प्रवाह भसाभस ओढते आणि स्वतःला जाळून घेते. म्हणून तिच्या हातात प्रवाह मोजून द्यावा लागतो. दुकानाच्या पाटीला लावतात त्या पट्टीचा पुरवठा वेगळा: तिथे १२ किंवा २४ व्होल्ट कायम, प्रवाह लागेल तसा. दोघांचे डबे दिसायला सारखेच, आणि अदलाबदल होते ती त्यामुळेच. या ओळीवर एवढं पुरे.

“आत : २२०–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, ०.१८ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.९५ हून अधिक”

या ओळीचा बहुतेकांनी लावलेला अर्थ असा, की इतक्या व्होल्टेजपर्यंत डबा टिकतो. ओळ तसं म्हणत नाही. ती एवढंच सांगते, की पुढचे सगळे आकडे या मर्यादेत खरे आहेत. १९५६च्या वीज नियमांत घरगुती पुरवठ्याला ६ टक्के खालीवर जाण्याची मुभा होती. २३०च्या हिशेबाने २१६ ते २४४. लेबलवाल्याने साधारण तेवढाच पट्टा गृहीत धरलेला दिसतो.

आता हा पट्टा आमच्याकडे आणून पाहू. परळीचं औष्णिक केंद्र इथून जवळ, १९७१ साली सुरू झालेलं. २०१५च्या दुष्काळात ते पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पण वीजघर शेजारी असल्याने शेजाऱ्याला दाब नीट मिळतो असं नाही. लाइनच्या शेवटच्या टोकाला, मोटारी सुरू झाल्या की दाब खाली बसतो. ड्रायव्हर तो गोड मानून घेतो: ठरलेले वॉट काढण्यासाठी जास्त प्रवाह ओढतो आणि बदल्यात जरा जास्त तापतो.

खरा घात उलट बाजूने होतो. डीपीवरचा न्यूट्रल सुटला, की दोन फेजांमधला ४०० व्होल्टांचा दाब दोन बाजूंच्या घरांत वाटून बसतो, आणि ज्या बाजूला भार कमी तिच्या वाट्याला जास्त. त्या रात्री आळीतले दिवे आधी झगझगतात, मग ओळीने जातात. ड्रायव्हरच्या तोंडाशी बसवलेला चकतीसारखा व्हॅरिस्टर विजेचा क्षणिक तडाखा झेलतो; मिनिटभर चाललेला हा दाब झेलणं त्याच्या कुवतीतलं नाही. तो तडकतो, काळा पडतो. मिस्त्री डबा उघडून नुसत्या वासावरून सांगतात, “न्यूट्रल गेलता.” कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाइतकाच हा निष्कर्ष मी मानतो.

पॉवर फॅक्टर हा शब्द या ओळीत पाहुणा आहे. त्याचा संबंध सुरक्षिततेशी नाही, कामगिरीशी आहे, आणि कामगिरीचं मानक वेगळं: आयएस १६१०४. हा भेद लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

“बाहेर : डीसी ३०–४० व्होल्ट, ९०० मिलिअँपिअर, एसईएलव्ही” आणि शेजारी एकात एक दोन चौकोन

दोन चौकोनांचा अर्थ दुहेरी विद्युतरोधन. या डब्याला अर्थिंगची तार लागत नाही. एक आवरण फुटलं तरी दुसरं शाबूत असावं अशी रचना आहे. आमच्या जिल्ह्यात या चौकोनांचं मोल वेगळंच. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं. हंड्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गल्लीत अर्थिंगला पाणी कोण पाजणार? कोरडा खड्डा म्हणजे नावाचं अर्थिंग. म्हणून त्याच्यावाचून सुरक्षित राहणारा डबा इथे बरा.

एसईएलव्ही ही चार अक्षरं त्याहून महत्त्वाची. सुरक्षित अतिनीच दाब, असा त्यांचा अर्थ. नुसता ४० व्होल्ट म्हटल्याने माणूस सुरक्षित होत नाही. स्वस्तातल्या काही ड्रायव्हरांत आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून तोडलेलीच नसते. दोन बाहेरच्या तारांत ४० व्होल्ट, पण त्यातली एक तार आणि जमीन यांच्यात मेन लाइनचा पूर्ण दाब. शिडीवर चढलेल्या पोराला पॅनलच्या ॲल्युमिनियमचा झटका बसतो तो असा. एसईएलव्ही लिहिणारा सांगतो, की मी मध्ये भिंत घातली आहे.

ती भिंत मी पाहिली. डबा उघडल्यावर सर्किटच्या पट्टीला मधोमध एक कापलेली फट दिसली, काडीपेटीतली काडी जाईल एवढी. अलीकडे मेन, पलीकडे दिवा. दोन्ही तीरांना जोडणारा फक्त पिवळ्या पट्टीत गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आणि एक निळा चपटा कपॅसिटर. धूळ आणि ओल साचून वीज पृष्ठभागावरून सरपटत पलीकडे जाऊ नये, म्हणून तिची वाट लांब करणारी ही फट. मानकातल्या चाचणीत डबा आधी ४८ तास नव्वद टक्क्यांच्या वर दमट हवेत ठेवतात, मग या भिंतीवर काही हजार व्होल्टांचा दाब मिनिटभर लावतात. परीक्षा कोकणातल्या श्रावणाची वाटते. आमच्या वैशाखाची परीक्षा पुढच्या ओळीत आहे.

“टीए ४५ अंश, टीसी ७५ अंश”, पुढे एक ठिपका

सगळं लेबल इथे येऊन उभं राहतं.

टीए म्हणजे भोवतालच्या हवेचं तापमान. टीसी म्हणजे डब्याच्या अंगावरच्या ठरावीक जागेचं कमाल तापमान, आणि ती जागा दाखवायलाच तो ठिपका. छपाईतला डाग समजून मी आधी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. पोथ्या वाचणाऱ्याने असं करू नये. ओळीचा अन्वय असा: या ठिपक्याला हात लावून पाहा, इथे ७५ अंशांच्या आत असेल, तर या लेबलावरचे बाकीचे शब्द माझे. त्यापुढे माझी हमी नाही.

पत्र्याची खोली, मे महिना, बाहेर चाळिशी ओलांडलेली. पत्रा आणि खोटं छत यांच्यामधली वीतभर जागा म्हणजे भट्टी, आणि ड्रायव्हर नेमका तिथे, पॅनलच्या पाठीवर आडवा पडलेला. मोजावं म्हणून करोनाच्या दिवसांतली कपाळाला लावायची बंदूक आणली. तिने माणसाच्या तापापुरतंच शिक्षण घेतलेलं. ‘हाय’ एवढं लिहून गप्प बसली. मग मिस्त्रींनी आपली रीत दाखवली. ठिपक्यावर बोट टेकवलं आणि लगेच काढलं. “टिकंना.” बोट टिकत नाही याचा अर्थ साठ अंशांच्या वर. आणि तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते.

तापल्याने मरतं कोण? आतला नळकांडं कपॅसिटर, मिस्त्रींचा ‘कंडेन्सर’. माझ्या डब्यातल्याचं डोकं फुगलेलं होतं, अंगावर ‘१०५ अंश’. या जातीचा साधा कपॅसिटर १०५ अंशांना २,००० तासांचा असतो, आणि दर १० अंश उतरलं की आयुष्य दुप्पट, असा या धंद्यातला ढोबळ नियम. तो ठिपक्याइतकाच तापतो असं धरलं, तर ७५ अंशांना १६,००० तास. अभ्यासिका रोज १६ तास उजळलेली, म्हणजे १,००० दिवस. तोच ९५ अंशांवर ठेवला तर ४,००० तास, २५० दिवस. वीस अंशांनी पावणेतीन वर्षांचे आठ महिने केले.

“आयपी २०”

पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. २० म्हणजे बोट आत जात नाही एवढंच, पाण्याला शून्य. खोलीतल्या पॅनलला चालतं. खांबावरच्या दिव्याच्या खोक्यावर आयपी ६५ वाचून लोक निश्चिंत होतात, पण तो आकडा फिटिंगचा असतो. झाकणाचं रबर कडक होऊन फाटलं, की आतला ड्रायव्हर आपल्या २०वर येतो.

“आयएस १५८८५ (भाग २/विभाग १३)”, मध्ये मानक ब्यूरोची खूण, खाली “आर-” आणि आठ आकडे, त्यातले शेवटचे दोन पुसलेले

पाठभेदाने सुरुवात करतो. सुरुवातीच्या काळातल्या मालावर ही खूण नव्हती; त्या जागी ‘स्वघोषणा, अमुक मानकानुसार’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले असत. पुढे शब्द गेले, चिन्ह आलं. माझ्या मते जुना पाठ जास्त प्रामाणिक होता, कारण या नोंदणीचं मर्म स्वघोषणेतच आहे. आयएसआय चिन्हाच्या परवान्यात ब्यूरोचा अधिकारी कारखान्यात जाऊन पाहतो. इथे उत्पादक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घेतो, अहवाल जोडतो आणि स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो, की माझा सगळा माल या नमुन्यासारखाच आहे. त्यावर क्रमांक मिळतो. नंतर बाजारातून माल उचलून पडताळणी होते.

सक्तीच्या नोंदणीचा आदेश ऑक्टोबर २०१२चा. ड्रायव्हर आणि एलईडी बल्ब त्या यादीत आले ते नोव्हेंबर २०१४मध्ये. छतातली आणि रस्त्यावरची पूर्ण फिटिंगं २०१७मध्ये. २०१६च्या मानक ब्यूरो कायद्यात सक्तीच्या मालावर नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड आहे.

क्रमांक एका कारखान्याचा, एका उत्पादनाचा असतो. त्याच मालकाचा दुसरा कारखाना असेल तर त्याला दुसरा क्रमांक. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला, की नाव, पत्ता, ब्रँड आणि वस्तू दिसते. म्हणून क्रमांक खरा आहे का, एवढंच पाहून थांबू नये. तो कोणत्या वस्तूचा आहे तेही पाहावं. माझे दोन आकडे पुसलेले, त्यामुळे शंभर शक्यता. सगळ्या तपासत बसलो नाही.

पूर्वपक्ष मिस्त्रींनी मांडला: “शिक्का हाय तं मग उडतो कामून?” प्रश्न रास्त आहे, उत्तर मानकाच्या नावात. हे मानक सुरक्षिततेचं आहे. टिकाऊपणा त्याच्या कक्षेत येत नाही. पॉवर फॅक्टरच्या वेळी ज्या आयएस १६१०४चा उल्लेख केला त्या बाजूचा तो विषय. १५८८५मध्ये डबा मुद्दाम बिघडवून पाहतात. आतला एकेक भाग शॉर्ट करतात, तोडतात, बाहेरच्या तारा एकमेकींना चिकटवतात. तेव्हा ज्वाला निघू नये, वितळलेलं काही गळू नये, पेट घेणारा वायू होऊ नये, माणसाला झटका बसू नये. तो पुन्हा चालू व्हावा अशी अट नाही. थोडक्यात, शिक्का मरण टाळत नाही. मरण निमूट असेल असं सांगतो.

या कसोटीवर माझा चोक उत्तीर्ण आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी, खाली अकरा मुलं वाचत असताना तो गेला. ना ठिणगी, ना धूर. एका मुलाने वर पाहिलं आणि खुर्ची शेजारच्या दिव्याखाली सरकवली. प्लायवुड, थर्माकोल आणि वर पत्रा अशा खोलीत एवढं निमूट मरण ही लहान गोष्ट नाही. मात्र ठिपका ७५च्या वर असताना ते तसं आलं, हा लेखकाच्या हमीबाहेरचा भाग. तिथे आमचं नशीब.

“सीई, आरओएचएस”

पहिलं युरोपच्या बाजारासाठीचं, तेही बहुतांशी उत्पादकाच्याच घोषणेवर चालणारं. दुसरं शिसं-पारा वगैरेंच्या मर्यादेचं. भारतातल्या नोंदणीच्या जागी यातलं काहीच चालत नाही. सीईची अक्षरं जवळजवळ असली तर ‘चायना एक्स्पोर्ट’, ही सांगोवांगी. प्रक्षिप्त म्हणून सोडून द्यावं.

समासातली नोंद : मार्करने, “१२/८”

छापील मजकुरात नसलेली, दुकानदाराच्या हातची. वॉरंटीची बोलाचाल झाली की तो तारीख टाकतो आणि पुढे भांडण झालं तर हीच एक ओळ दोन्ही पक्षांना मान्य असते. वर्ष लिहिलेलं नव्हतं, म्हणून आमचं थोडं भांडण झालंच.

तिसरा ड्रायव्हर आणला तेव्हा मिस्त्रींना म्हणालो, हा पत्र्याखाली नको. त्यांनी तार वाढवली आणि डबा खोट्या छताच्या खाली, उत्तरेच्या भिंतीवर, पंख्याची हवा लागेल असा बसवला. दिसायला वाईट दिसतो. दुपारी दोनला बोट टेकवून पाहिलं, टिकलं. मग दुकानदाराने कुठे काय लिहिलंय म्हणून लेबल वाचायला गेलो. या वेळी त्याने वर्षासकट तारीख घातली होती, जाड मार्करने, नेमकी ठिपक्यावर.