लिनक्स सर्व्हर अद्ययावत करताना कॉन्फिगरेशन फाइल्सचे जतन

सर्व्हरवरील प्रत्येक सेवा कशी चालावी, हे तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमधील सूचनांवरून ठरते. लिनक्समध्ये अशा फाइल्स मुख्यतः ‘इटीसी’ या डिरेक्टरीत असतात. त्यांची मूळ प्रत सॉफ्टवेअर पॅकेजसोबत येते. पुढे सर्व्हर सांभाळणारा तंत्रज्ञ स्थानिक गरजेनुसार तीत बदल करतो. पॅकेजच्या नव्या आवृत्तीबरोबर फाइलचीही नवी प्रत आली, की दोहोंपैकी कोणती ठेवायची हा प्रश्न उभा राहतो.

बहुभाषिक प्रदेशात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमाभागात कन्नड, मराठी व उर्दू शेजारी शेजारी नांदतात. येथील एखाद्या महाविद्यालयाला किंवा पतसंस्थेला तिन्ही लिपींत नावे साठवायची असतील, तर डेटाबेसने युनिकोड वापरणे आवश्यक ठरते. २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपूर्वी मायएसक्यूएलची मूळ अक्षरसंहिता ‘लॅटिन-१’ होती. तीत या तिन्हींपैकी एकाही लिपीला स्थान नाही. अशा जुन्या आवृत्तीत युनिकोडसाठी केलेली नोंद पुसली गेली, तर नव्या टेबलांत नावांच्या जागी प्रश्नचिन्हे साठू शकतात. तशी साठलेली नावे त्या टेबलातून पुन्हा मिळवता येत नाहीत.

डेबियन, उबुंटू आणि सी-डॅकने डेबियनच्या आधारे विकसित केलेली ‘बॉस’ या प्रणालींत ‘डीपीकेजी’ हे साधन पॅकेजे बसवते. जुन्या पॅकेजमधील फाइल, सर्व्हरवरील सध्याची फाइल आणि नवी फाइल यांची तुलना ते चेकसमच्या साहाय्याने करते. तंत्रज्ञाने फाइल बदललेली नसेल, तर नवी प्रत मुकाट्याने बसते. बदल केवळ तंत्रज्ञानेच केलेला असेल, तर त्याची प्रत तशीच राहते. दोन्ही बाजूंनी बदल झाला असेल, तर मात्र विचारणा होते आणि नुसते ‘एंटर’ दाबल्यास सध्याची फाइल कायम राहते. नवी प्रत ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटासह बाजूला ठेवली जाते. नवी प्रत स्वीकारल्यास जुनी ‘डीपीकेजी-ओल्ड’ नावाने उरते.

रेड हॅट आणि फेडोरा यांच्या ‘आरपीएम’ पद्धतीत विचारणा होत नाही. निर्णय पॅकेज बांधणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. पॅकेजमध्ये फाइलवर ‘नोरिप्लेस’ अशी खूण असेल, तर बदललेली फाइल टिकते आणि नवी प्रत ‘आरपीएमन्यू’ नावाने येते. ती खूण नसल्यास नवी प्रत जागा घेते आणि जुनी ‘आरपीएमसेव्ह’ नावाने बाजूला पडते.

जुनी फाइल राखली म्हणजे काम संपले, असेही नाही. नव्या प्रतीत सुरक्षेसाठी केलेला बदल असू शकतो किंवा जुनी एखादी सूचना नव्या आवृत्तीला अमान्य झालेली असू शकते. अशा वेळी सेवा सुरूच न होण्याचीही शक्यता असते. म्हणून या शेपटांच्या फाइल्स शोधून ‘डिफ’ने दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात आणि आवश्यक ते बदल हाताने एकत्र करावेत. ‘इटीसीकीपर’ हे साधन संपूर्ण ‘इटीसी’ डिरेक्टरीचा इतिहास गिटमध्ये जपते. त्यामुळे कोणती ओळ केव्हा बदलली, हे नंतरही पाहता येते.

अद्ययावतीकरणापूर्वी डेटाबेसची स्वतंत्र प्रत घ्यावी. ते पूर्ण झाल्यावर सेवा पुन्हा सुरू करून एक चाचणी टेबल तयार करावे आणि त्यात मराठी, कन्नड व उर्दू लिपीत प्रत्येकी एक नाव नोंदवून ते परत वाचून पाहावे. तिन्ही नावे जशीच्या तशी दिसली, तरच नेहमीच्या नोंदी सुरू कराव्यात.