भूल, श्वास आणि नाडी : हैदराबाद संस्थानातील एका वादाचा इतिहास

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याची जाणीव काही काळ थांबवण्याच्या क्रियेला मराठीत 'भूल देणे' म्हणतात. परिभाषेने 'बधिरीकरण', 'संवेदनाहरण' असे शब्द घडवले आणि रुग्णालयांच्या फलकांवर ते दिसतातही. पण आमच्या लोहारा-उमरग्याच्या बोलण्यात ते देणारा आजही 'भुलीचा डॉक्टर' असतो. 'भूल' या शब्दात विस्मरण आहे, मोह आहे, चकवा आहे. 'वेदना' हा शब्द तर त्याहून बोलका. तो 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. 'वेद', 'विद्या', 'संवेदना' ही त्याची भावंडे. दुखणे हा जाणण्याचाच एक प्रकार, असे ही व्युत्पत्ती सुचवते. मग वेदना काढून घेणारा रोग्याचे जाणणेच काढून घेतो, आणि तेवढा वेळ रोग्याच्या वतीने जाणत राहण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. नेमके काय जाणत राहायचे, श्वास की नाडी, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. तो ज्या राज्याच्या राजधानीत रंगला, त्याच राज्याची आमची गावे १९४८ पर्यंत प्रजा होती. मराठवाड्याच्या इतिहासात या वादाला जागा मिळालेली नाही, म्हणून हे टिपण.

भुलीची इच्छा जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला मद्य पाजावे असे सांगितले आहे. बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त भोजराजाला 'संमोहिनी' देऊन त्याच्या मस्तकावर शस्त्रक्रिया केल्याची कथा येते. ती इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. पण वेदनेविना शस्त्र चालावे हे स्वप्न आपल्या वाङ्मयाने पाहिले होते, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते. प्रत्यक्षातले चित्र वेगळे होते. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्यावर १८११ मध्ये पॅरिसमध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली, ती शुद्धीत असताना. त्यांनी पुढे बहिणीला लिहिलेले पत्र साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्या काळी शल्यविशारदाचे कौशल्य वेगावर मोजले जाई, कारण रोगी सहन करील तेवढाच वेळ हाताशी असे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने इथर देऊन जाहीर प्रात्यक्षिक केले. 'अ‍ॅनेस्थेशिया' हे नाव त्याच वर्षी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सुचवले. ते स्वतः डॉक्टर होते आणि कवीही. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणले. ते वापरायला सोपे होते. रुमालावर काही थेंब टाकून नाकाशी धरले की पुरे. मात्र जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडच्या उत्तर भागात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मखाली दगावली. एवढ्याशा कामासाठी जीव गेला, तर तो श्वास थांबल्याने गेला की हृदय थांबल्याने? लंडनचे आणि एडिंबरोचे वैद्यक या प्रश्नावर दुभंगले. लंडनकर म्हणत, नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोकर म्हणत, श्वासाकडे पाहा.

येथे हैदराबाद या कथेत येते. तेथील वैद्यकीय शाळा १८४६ ची, म्हणजे इथरच्याच वर्षी जन्मलेली. प्रारंभी तिचे शिक्षण उर्दूतून चाले. देशी भाषेतून आधुनिक वैद्यक शिकवता येते की नाही, हा आपण अजून चघळत असलेला प्रश्न तिथे कृतीने सोडवला गेला होता. १८८५ मध्ये एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन म्हणून हैदराबादला आले. ते एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य, म्हणून श्वासपंथाचे कडवे अनुयायी. अफझलगंज रुग्णालयात ते आपल्या विद्यार्थ्यांना सांगत : नाडीकडे लक्षच देऊ नका, केवळ श्वास पाहा.

हे मत सिद्ध करण्यासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' नेमले गेले. कुत्र्यांवरील प्रयोगांतून निष्कर्ष निघाला की प्रत्येक वेळी श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा निजामाने हजार पौंड देऊ केले आणि तुमचाच तज्ज्ञ पाठवा असे कळवले. १८८९ मध्ये प्रख्यात औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. हृदय आधी थांबू शकते असे मानणारे ब्रंटन, शेकडो प्राण्यांवरील नव्या प्रयोगांनंतर लॉरींच्या बाजूला झुकले. एका देशी संस्थानाने पैसा पुरवून, आपल्या राजधानीत, जगातील वैद्यकाचा वाद सोडवायला घेतला ही घटना वासाहतिक काळात असाधारण होती. त्यासाठी खर्ची पडलेल्या मुक्या जनावरांचा हिशेबही त्या वैभवाच्या सोबतच मांडला पाहिजे.

निष्कर्ष मात्र पुरता बरोबर नव्हता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अ‍ॅड्रेनलिन शरीरात गेले, तर हृदयाची लय विस्कटून ते एकाएकी थांबू शकते, श्वासाची वाट न पाहता. हैदराबादच्या प्रयोगांत औषधाची मात्रा वाढवत नेली होती, म्हणून श्वास आधी थांबताना दिसला. हलक्या भुलीतले मरण त्या मांडणीतून निसटले. यातला एक धागा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. भ्यालेल्या माणसाच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन आपोआपच वाढते. म्हणजे भय ही केवळ मनाची अवस्था नव्हती, क्लोरोफॉर्मच्या काळात ते प्रत्यक्ष मृत्यूचे कारण होऊ शकत होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ रोग्याशी बोलतो, त्याला धीर देतो, तो त्याच्या चांगुलपणाचा भाग असेल. पण आधी तो उपचाराचा भाग आहे. आणि वादाचे उत्तर? श्वासही पाहायचा, नाडीही. आजची यंत्रे श्वास, नाडी, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू हे सारे एकाच पडद्यावर दाखवतात. दोन्ही पंथ तिथे शेजारी नांदतात.

या साऱ्या धामधुमीत एक नाव मागे पडले. रूपाबाई फर्दुनजी या पारशी स्त्रीने १८८५ मध्ये हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. तिथे शिकलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. लॉरींच्या हाताखाली त्या क्लोरोफॉर्म देऊ लागल्या, १९०९ मध्ये पुढील अभ्यासासाठी एडिंबरोला गेल्या आणि परत येऊन हैदराबादेतच काम करत राहिल्या. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचा उल्लेख होतो. लॉरी आणि ब्रंटन यांचा वाद ग्रंथांत नोंदला गेला. रोज टेबलाच्या डोक्याशी बसून श्वास मोजणारी बाई मात्र फार उशिरा इतिहासात आली. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात अफझलगंज रुग्णालयही उद्ध्वस्त झाले, त्यामुळे ती जागासुद्धा तिच्या आठवणीला उरली नाही.

हा विसर योगायोगाचा नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत, नाटक-सिनेमांत डॉक्टर म्हणजे सर्जन : दार उघडून बाहेर येणारा, मास्क उतरवून निकाल सांगणारा. भूल देणारा त्या दृश्यात क्वचितच असतो. त्याचे काम नीट झाले तर रोग्याला काहीच आठवत नाही. ज्याच्या यशाची खूणच विस्मरण आहे, त्याला आठवणीत जागा कशी मिळावी? भारतातील भूलतज्ज्ञांची संघटना १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झाली, तेव्हा कुठे या कामाला स्वतंत्र व्यवसायाचा चेहरा मिळाला. त्यानंतर हा व्यवसाय शस्त्रक्रियागृहाबाहेरही आला. अतिदक्षता विभाग, प्रसूतीच्या कळा आणि कर्करोगाची दीर्घ वेदना ही त्याची नवी क्षेत्रे ठरली. १९८६ मध्ये मुंबईत 'शांती अवेदना सदन' हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. त्या नावातला 'अवेदना' शब्द आमच्या व्युत्पत्तीच्या चर्चेला पूर्णत्व देतो. पण त्याआधीच्या वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा कायदा आला आणि त्याच्या परवान्यांच्या जाळ्यात मॉर्फिन अडकले. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या देशात कर्करोगाचे रोगी मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट बरीच सोपी केली, तरी मधली तीन दशके कोणी कशी काढली याची कथा मराठीत अजून लिहिली जायची आहे.

आमच्या भागाला वेदनेचा इतिहास नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर आणि आसपासची गावे मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. हजारो माणसे मेली. जखमींना उपचारांसाठी सोलापूर, लातूर अशा शहरांकडे न्यावे लागले. नंतर सास्तूरला रुग्णालय उभे राहिले. पण तालुक्याच्या ठिकाणी रुग्णालय असणे आणि तिथे रात्री दोन वाजता सिझेरियन होऊ शकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी शस्त्र चालवणारा लागतो, रक्त लागते आणि भूल देणाराही लागतो. यांतला एक नसला की बाकीचे हात बांधून बसतात आणि बाई रुग्णवाहिकेत पुढच्या शहराच्या रस्त्याला लागते. ग्रामीण भागातला हा तुटवडा ओळखूनच शासनाने एमबीबीएस डॉक्टरांना प्रसूतीच्या तातडीच्या शस्त्रक्रियांपुरती भूल देण्याचे अठरा आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले होते.

हैदराबादच्या कमिशनने चुकीचे उत्तर दिले, पण विचारलेला प्रश्न योग्य होता : बेशुद्ध माणसाकडे लक्ष कोणी आणि कसे ठेवायचे? त्यातल्या 'कसे'चे उत्तर विज्ञानाने दिले आहे. 'कोणी' हा प्रश्न मात्र अजून प्रत्येक तालुक्याच्या गावी, प्रत्येक रात्री, नव्याने विचारावा लागतो.