नांगर उचलण्याआधी

आगबोट बंदरात थांबते ती कोळसा, पाणी आणि टपाल यांच्यासाठी, आणि प्रवाशाला किनारा पाहावयास मिळतो तो त्या थांबण्याचा केवळ आनुषंगिक लाभ होय, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतकी दृढ होती की, उतारूंच्या मनोरंजनासाठी बंदरावर काही तजवीज करावी हे कोणत्याही जहाजमालकाच्या ध्यानीमनी नव्हते. १८४४ साली पी. अँड ओ. कंपनीने थॅकरे या इंग्रज लेखकाला भूमध्य समुद्रातील आपल्या बोटींवरून फुकट हिंडवून आणले. त्या प्रवासाचा जो वृत्तांत त्याने पुढे प्रसिद्ध केला त्यात एकेका पुरातन नगराच्या वाट्याला काही तास, फार तर काही दिवस आलेले दिसतात. त्या तासांत काय पाहावे, कोणाबरोबर पाहावे आणि कोणत्या प्रहरी परत फिरावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. बोट मात्र कोणासाठी खोळंबणार नव्हती. जलपर्यटनातील सामुदायिक सहलींचा इतिहास म्हणजे, माझ्या मते, या न खोळंबण्याची जोखीम कोणी पत्करावी, याच्या वाटाघाटींचा इतिहास आहे.

या वाटाघाटींचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकनांनी केला. यादवी युद्धात आरमाराकडे असलेली ‘क्वेकर सिटी’ ही बाजूला चाके असलेली आगबोट ८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कहून निघाली. बाराशे पन्नास डॉलर भाडे भरून, आणि एका समितीकडून आपल्या सभ्यपणाची पारख करवून घेऊन, साठ-पासष्ट उतारू तिच्यावर चढले होते. त्यांत बहुसंख्य वयस्क, धर्मनिष्ठ आणि यरुशलेमच्या दर्शनास उत्सुक अशी मंडळी होती, व त्यांच्यात मार्क ट्वेन नावाचा एक विनोदी वार्ताहर, वृत्तपत्राच्या खर्चाने, शिरला होता. या सफरीचे जे जाहीरपत्रक निघाले होते ते आज वाचताना त्यातील दोन कलमे विशेष लक्ष वेधून घेतात. एकात म्हटले होते की, किनाऱ्यावरील खर्चासाठी दररोज पाच डॉलर सोन्याच्या नाण्यात धरावेत. म्हणजे जहाजाचे भाडे निराळे आणि जमिनीवरचा सारा बंदोबस्त उतारूने स्वतःच्या खिशातून करावयाचा. दुसऱ्यात म्हटले होते की, उतारूंच्या एकमताने सफरीचा मार्ग बदलता येईल. एकमताने! ज्याने चार कुटुंबांची जेजुरीची यात्रा एकदा तरी जुळवून आणली असेल त्याला हे कलम लिहिणाऱ्याच्या भाबडेपणाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

किनाऱ्यावर उतरल्याबरोबर या मंडळींना पहिला धडा मिळाला तो हिशेबाचा. अझोर द्वीपसमूहातील फायाल बेटावर एका उतारूने नऊ सोबत्यांना मेजवानी दिली, आणि बिल हाती आले तेव्हा ते एकवीस हजार सातशे रेइसचे निघाले. हजार रेइसचा डॉलर होतो, हे कळेपर्यंत यजमानाच्या तोंडचे पाणी पळाले होते. पुढे मार्सेल्सला उतरून पॅरिसचे प्रदर्शन पाहावयाचे आणि स्वित्झर्लंडमार्गे येऊन जिनोआला बोट गाठावयाची, अशी मुभा जाहीरपत्रकात होतीच. पण ही सोय दिसते तितकी साधी नव्हे, कारण जहाज आणि उतारू यांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एका ठरलेल्या दिवशी एकत्र यावे, ही कल्पना आगगाडीच्या वेळापत्रकावर विश्वास बसल्याखेरीज कोणाला सुचलीच नसती.

अथेन्सला निराळाच प्रसंग उभा राहिला. त्या वर्षी भूमध्य समुद्राच्या बंदरांत पटकीची धास्ती होती, आणि पिरेअसच्या अधिकाऱ्यांनी अकरा दिवस सूतकात राहिल्यावाचून कोणासही उतरू देण्यास साफ नकार दिला. अक्रोपोलिस दुरून दिसत होते. त्याच्या दर्शनासाठीच कित्येकांनी पैसे भरले होते. तेव्हा ट्वेन आणि आणखी तिघे रात्री होडीतून चोरून किनाऱ्याला लागले, द्राक्षांच्या मळ्यांतून वाट काढीत चांदण्यात पार्थेनॉन पाहून आले, आणि उजाडण्याच्या सुमारास बोटीवर परतले. पकडले गेले असते तर तुरुंगवास चुकला नसता. बंदरातील सामुदायिक सहलीचा नियम एवढाच की परवानगी, वाहन आणि वेळ ही तिन्ही आधी जमवावीत; या चौघांजवळ तिन्हींपैकी फक्त वेळ होता, तोही रात्रीचा.

परंतु या सफरीतील खरा बोध बैरूतनंतर मिळतो. तेथे मंडळी फुटली. बहुतेकांनी बोटीनेच याफापर्यंत जाण्याचे पसंत केले, आणि आठ जणांनी दमास्कसवरून घोड्यावर बसून पॅलेस्टाइन पालथे घालावे व याफाला बोट गाठावी असे ठरविले. त्यांच्या दुभाषा-वाटाड्याने, ज्याला त्या मुलुखात ‘ड्रॅगोमन’ म्हणत, माणशी रोज पाच डॉलर सोन्यात एवढ्या रकमेवर सर्व जबाबदारी अंगावर घेतली. आठ यात्रेकरूंसाठी त्याने एकोणीस नोकर आणि सव्वीस खेचरे उभी केली, तंबूत गालिचे अंथरले आणि मुक्कामावर गरम जेवण वाढले. असा थाट पाहून ट्वेनही गांगरला. इतकी व्यवस्था असूनही घोटाळा झाला, आणि तो वाटाड्याकडून नव्हे, खुद्द मंडळींकडून झाला. रविवारी प्रवास केला तर धर्म बुडेल, या भीतीने काही भाविकांनी दमास्कसची तीन दिवसांची मजल दोन दिवसांत रेटण्याचा आग्रह धरला, आणि त्यात घोड्यांचे हाल झाले. शब्बाथाचे पालन झाले. मुक्या जनावरांवरील दयेचे काय झाले, हे ट्वेनने पुढे तिखट शब्दांत लिहून ठेवले आहे.

गालील सरोवराकाठी तर याहून बहार झाली. त्या पवित्र जळावर नौकाविहार करावा, म्हणून जन्मभर मनोरथ केलेली ही माणसे. नावाडी आला, त्याने दोन नेपोलियन म्हणजे आठ डॉलर सांगितले, आणि समूहाच्या अर्थरक्षकाने ते फार म्हणून एक नेपोलियन देऊ केला. नावाड्याने उत्तर न देता नाव फिरविली, आणि हाकांना, मिनतवारीला व नंतर देऊ केलेल्या पूर्ण रकमेलाही दाद न देता तो निघून गेला. मग एकमेकांवर दोषारोप सुरू झाले. घासाघीस करणारा वाईट नव्हता. पण समूहाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला होता, हा प्रश्न नाव दृष्टीआड झाल्यावर विचारला गेला.

इंग्रज सहल-संयोजक टॉमस कुकने हीच उणीव हेरली. १८६८ साली त्याने मिसर आणि पॅलेस्टाइनची पाहणी केली आणि दुसऱ्या वर्षी पहिली तुकडी तिकडे नेली. नौका, तंबू, खेचरे, वाटाडे आणि उपाहारगृहे यांचे करार आधीच करून, प्रवाशाने घरी बसून एकरकमी भरणा करावा आणि वाटेत केवळ कुपने फाडावीत, ही पद्धत त्याने तिकडे रुजविली. याफाच्या किनाऱ्यावर तिची खरी कसोटी लागे. त्या बंदराला धक्का नव्हता. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राही, आणि खडकांच्या रांगेतील चिंचोळ्या वाटेतून स्थानिक अरब नावाडी उतारूंना उचलून होड्यांत घालीत व वल्ही मारीत किनाऱ्याला नेत. समुद्र खवळला तर उतरणेच रद्द होऊन बोट पुढे जाई, आणि यरुशलेम दर्शनावाचून राही. १८९२ च्या सप्टेंबरात याफा ते यरुशलेम हा सत्त्याऐंशी किलोमीटरचा लोहमार्ग खुला झाल्यावर घोडे आणि गाड्या मागे पडल्या. पण त्या खडकांपुढे वाफेचाही उपाय चालला नाही.

कुकने जे प्रवाशाच्या बाजूने केले ते हॅम्बुर्ग-अमेरिका या जहाज कंपनीचा संचालक आल्बर्ट बालिन याने जहाजाच्या बाजूने केले. त्या कंपनीच्या मोठ्या आगबोटी हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नसल्यामुळे निम्म्या रिकाम्या धावत. तेव्हा त्यांतील ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही भूमध्य समुद्रात हौशी प्रवाशांना फिरविण्यास पाठवावी, असे त्याने ठरविले. २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेनहून दोनशे एकेचाळीस पाहुण्यांसह ती निघाली, आणि सत्तावन्न दिवसांनी परतली. बालिन स्वतः सपत्नीक बरोबर होता. येथे उतारूंच्या एकमताचा प्रश्नच उरला नाही. कोणत्या बंदरात किती तास थांबावयाचे, किनाऱ्यावरची सहल किती लांबवावयाची आणि नांगर कधी उचलावयाचा, हे तिन्ही निर्णय आता एकाच कचेरीत होऊ लागले, आणि एकाच कचेरीत झाल्यामुळेच ते परस्परांशी जुळले. यात प्रवाशाने काही गमावले हे खरे. ‘क्वेकर सिटी’च्या भांडकुदळ यात्रेकरूंना स्वतःचा मूर्खपणा स्वतः निवडण्याचा अधिकार होता, बालिनच्या पाहुण्यांना तो नव्हता. असे असूनही, गालीलच्या काठावर उभे राहण्याची पाळी मजवर आली असती, तर मी कुकचे कुपन मुकाट्याने पुढे केले असते.

मुंबईकराशी या व्यवसायाचा संबंध सुएझमार्गे जडला. १८३० साली येथील गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून टपाल घेऊन सुएझला पोचली, आणि पुढच्या काळात विलायतेचा प्रवासी सुएझला उतरून घोडे-खेचरे जुंपलेल्या गाड्यांतून सुमारे चौऱ्याऐंशी मैलांचे वाळवंट ओलांडून कैरो गाठू लागला. ती सहल नव्हती, नाइलाज होता. १८५८ मध्ये तेथे आगगाडी आली, १८६९ च्या नोव्हेंबरात कालवा खुला झाला, आणि जी वाट कालवर कष्टाची होती ती हौसेची झाली: जहाज कालव्यातून संथपणे सरकत असता उतारूंनी सुएझला उतरावे, पिरॅमिड पाहावेत आणि पोर्ट सैदला पुन्हा चढावे. जहाजाच्या संथपणाचा असा उपयोग करून घेण्यात मोठी कल्पकता होती, आणि कालव्यातील मंदगतीच्या नियमाइतके विश्वासू घड्याळ कोणत्याही सहलीच्या चालकाला लाभले नसेल.

खुद्द मुंबईत उतरणाऱ्यांसाठी घारापुरी होती. १८७५ साली युवराज एडवर्ड याला तेथील लेण्यांत मेजवानी दिली गेली, तेव्हापासून त्या बेटाला एक राजमान्यता मिळाली. पण अपोलो बंदरापासून सुमारे सहा मैलांवरील ते बेट भरती-ओहोटीच्या हुकमतीत आहे. ओहोटीला सभोवार चिखल उघडा पडतो. उतारा केव्हा सोयीचा, हे वेळापत्रकावरून नव्हे तर तिथीवरून ठरते. आणि वर पायऱ्यांची चढण आहे, ती ज्यांना झेपत नसे त्यांना डोलीत बसवावे लागे. कोळीवाड्यातील पोरालाही अष्टमीची भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती, ठाऊक असते. न्यूयॉर्कला छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत तिला स्थान नसे. म्हणून येथील मचव्याच्या तांडेलाचा शब्द परदेशी कंपनीच्या कागदाहून वजनदार ठरावा, हे न्याय्यच होते.

ही सारी कला पृथ्वीप्रदक्षिणेत पणाला लागली. फ्रँक क्लार्क या अमेरिकन व्यवस्थापकाने ‘क्लीव्हलँड’ ही हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीची आगबोट घेऊन १६ ऑक्टोबर १९०९ रोजी न्यूयॉर्कहून सुमारे साडेसहाशे प्रवाशांसह सफर काढली. तिने सुएझ कालवा ओलांडून मुंबईला मुक्काम केला. पुढील दोन-तीन दशकांत अशा जगप्रवासी बोटींवरील मंडळी मुंबईस उतरून विशेष आगगाडीने आग्रा-दिल्लीकडे जाऊ लागली. कोणी परत मुंबईलाच येत, तर कोणी देश आडवा ओलांडून पुढच्या बंदरी बोट गाठीत. साडेसहाशे माणसांना होड्यांतून उतरविणे, त्यांचे गट पाडणे, गाडीत बसविणे आणि त्यांतील एकही मागे न ठेवता परत आणणे, हे काम लष्करी मुदपाकखान्याच्या तोडीचे आहे. ‘क्लीव्हलँड’ने आपली सफर ३१ जानेवारी १९१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोला संपविली. पनामाचा कालवा तेव्हा खणून व्हावयाचा होता. त्यामुळे न्यूयॉर्कहून निघालेल्या त्या प्रवाशांना घरी जाण्यासाठी संबंध अमेरिका खंड आगगाडीने ओलांडावे लागले, आणि जगप्रदक्षिणेतील सर्वांत लांब किनारा-सहल त्यांना स्वतःच्याच देशात करावी लागली.