एका औषधाचा वनवास

औषधांचा इतिहास म्हणजे केवळ विजयांची मालिका, असा आपणां सुशिक्षितांचा समज असतो. क्लोझापिन या औषधाची हकीकत तो समज दूर करण्यास पुरेशी आहे.

१९५२ सालीं पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयांत देले व देनिकेर या डॉक्टरांनीं क्लोरप्रोमाझिन हें औषध मनोरुग्णांस देऊन पाहिलें. भ्रम व भास ओसरूं लागले. वर्षानुवर्षें कोंडलेलीं माणसें घरीं परततील अशी आशा उत्पन्न झाली. परंतु हातांस कंप सुटणें, अंग ताठणें हे त्रासही त्याबरोबरच आले. हे त्रास होत नसतील तर औषध लागूच पडलें नाहीं, असें म्हणण्यापर्यंत कित्येक तज्ज्ञांची मजल गेली.

१९५८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्यें तयार झालेल्या क्लोझापिननें ही समजूत खोटी ठरविली. त्यानें मन सावरे, पण अंग क्वचितच ताठे. तथापि १९७५ सालीं फिनलंडमधून भयंकर वार्ता आली. तें घेणाऱ्या कांहीं रुग्णांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नष्टप्राय झाल्या होत्या व आठ जण दगावले होते. अनेक देशांत औषध मागें घेण्यांत आलें.

परंतु ज्यांना इतर कोणत्याच औषधानें गुण येत नव्हता, त्यांचें काय? १९८८ सालीं अमेरिकेंत केन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं छिन्नमनस्कतेच्या अशा २६८ रुग्णांवर तुलना करून पाहिली. सहा आठवड्यांत क्लोरप्रोमाझिननें शेंकडा ४, तर क्लोझापिननें शेंकडा ३० रुग्ण सुधारले. औषध अमेरिकेंत आलें, पण एका अटीवर: दर आठवड्यास रक्त तपासावें, पेशी पुरेशा असतील तरच पुढील गोळ्या द्याव्या. धोका तोच होता. त्यावर पहारा बसला, इतकेंच.

पुढें अनुभवानें कळलें कीं, हा धोका पहिल्या कांहीं महिन्यांत सर्वाधिक असतो. २०२५ सालीं अमेरिकेनें तपासणीची सक्ती उठविली. सल्ला मात्र कायम ठेविला. शिवाय हृदयाचा दाह, मधुमेह, वाढतें वजन, इतकेंच काय, साधें बद्धकोष्ठ यांवरही नजर ठेवावी लागते.

आपल्याकडे घरांतील मनोविकार झांकून ठेवण्याची रीत अद्यापि पुरती गेलेली नाहीं. गोळ्या गुपचूप आणावयाच्या, तपासणी टाळावयाची, बरें वाटतांच औषध सोडावयाचें, असें घडतें. हें औषध घेणाऱ्याचा ताप किंवा घशाचें दुखणें साधी सर्दी म्हणून सोडून देतां येत नाहीं. दर आठवड्यास कोणी तरी रक्ताकडे पाहूं लागलें, म्हणून क्लोझापिनचा वनवास संपला. तसें पाहणारें एखादें माणूस रुग्णाच्या घरींही असावें लागतें.