विस्मृतीचा गुंता : एका शोधाचा इतिहास

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील आपल्या कुटुंबांत वृद्ध मंडळी आहेत. त्यांपैकी एखाद्यास नुकतेच जेवल्याचे स्मरेनासे झाले, पोटच्या मुलाचे नाव ओठांवर येईनासे झाले, की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. या शब्दात केवढा अन्याय दडला आहे, हे आल्झायमर व्याधीच्या संशोधनाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानी येते.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. पतीचे नाव विचारले, तर ती स्वतःचेच नाव सांगे. १९०६ मध्ये तिचे निधन झाल्यावर डॉ. अलॉइस आल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींबाहेर त्यांना साके दिसले आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते.

हे गुंते कशाचे, याचे उत्तर मिळण्यास ऐंशी वर्षे लागली. १९७५ साली प्रिन्स्टन विद्यापीठात ‘टाऊ’ या प्रथिनाचा शोध लागला. मज्जापेशीत पोषणद्रव्ये वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. त्यांना टाऊ आधार देते. १९८६ साली इंगे ग्रुंडके-इक्बाल, खालिद इक्बाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की गुंत्यांतील टाऊवर फॉस्फेटचा अवाजवी भार असतो.

फॉस्फेट हे मुळात शत्रू नव्हे. ते ज्या एटीपी रेणूतून येते, तो १९२९ साली वेगळा करणाऱ्यांत आपले भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. प्रथिनास फॉस्फेट जोडून वा काढून पेशी त्याचे कार्य चालू-बंद करते, हे फिशर व क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास उलगडले. १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. निरोगी मेंदूत टाऊच्या एका रेणूवर सरासरी दोन-तीन फॉस्फेट असतात. या व्याधीत ते तिप्पट-चौपट होतात. फॉस्फेटचा विद्युतभार ऋण असल्याने टाऊची ठेवण बदलते व नलिकेवरील त्याची पकड सुटते. पुढे हे सुटे रेणू परस्परांना चिकटून पीळदार जोडतंतू बनतात. ज्यांच्या वाडवडिलांनी गिरणीत साच्यावर आयुष्य वेचले, त्यांना गुंतलेल्या सुताचा अर्थ वेगळा सांगावयास नको. २०१७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी या तंतूंची घडी अणूंच्या पातळीवर पाहिली. व्याधीचा प्रारंभ नेमका कोठून होतो, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. मात्र फॉस्फेटयुक्त टाऊचा माग आता रक्ततपासणीतही लागू शकतो.

या इतिहासाचे तात्पर्य आम्हांस एवढेच वाटते : आजोबा एकच प्रश्न दहादा विचारतात, तो हट्ट नव्हे, की वेडही नव्हे. त्यांच्या मेंदूतील सूत गुंतले आहे. त्यांना रागे भरण्याऐवजी मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे आणि अकराव्यांदाही त्याच सौम्य स्वरात उत्तर द्यावे.