परीक्षेला नसलेला विषय

मनीषनगरहून बोलतोय. बीटेकची चार वर्षं मी 'हे परीक्षेला आहे का?' एवढंच विचारत काढली. म्हणून ही गोष्ट मला टोचते.

१९१३. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन २२ वर्षांचे बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण ते इतिहास, समाजशास्त्रही शिकले. जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसले. आणि ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. मुद्दा सरळ होता: जातीतच लग्न, यावरच जात टिकते.

फक्त अर्थशास्त्रच शिकले असते, तर हा निबंध झाला असता का? १९५६ च्या दीक्षाभूमीकडे येणारी एक वाट, मला वाटतं, त्या वर्गातूनच निघाली.