बेचिराख गावाच्या वाटेवर

आपल्या जुन्या महसुली दप्तरांत ‘बेचिराख’ असा शेरा आढळतो. ज्या गावात दिवा लावायला कुणी उरले नाही, ते बेचिराख. हा शब्द ऐकला की आज आपल्याला आग आणि लढाई आठवते. दप्तरात त्याचा अर्थ अगदी कोरडा होता. नाव आहे, शीव आहे, जमीन आहे, वस्ती नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात, खडूच्या दगडाच्या टेकड्यांत, व्हॉरम पर्सी हे असेच एक गाव आहे. मध्ययुगीन ग्रामवस्तीच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने पहिला मुक्काम इथे करावा.

तिथे पाहण्यासारखे म्हणाल तर छप्पर गेलेले एक चर्च आणि भोवती हिरवळ. संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की मात्र त्या हिरवळीत चौकोन उमटतात: घरांचे जोते, परसांचे बांध, मधून गेलेली खोलगट वाट. आपल्याकडे गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात. इथल्या पांढरीचा अख्खा नकाशा गवताखाली शाबूत राहिला. काळीचीही खूण उरते. मध्ययुगीन नांगरटीचे लांबलचक सरी-वरंबे इंग्लंडच्या कित्येक कुरणांत अजून दिसतात. मॉरिस बेरेसफर्ड हा आर्थिक इतिहासकार तेच न्याहाळता न्याहाळता उजाड गावांच्या मागे लागला. 1948 मध्ये तो व्हॉरमला आला, 1950 मध्ये त्याने खणायला सुरुवात केली. 1952 पासून जॉन हर्स्ट हा पुरातत्त्वज्ञ सोबतीला आला आणि 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन चालले. नुसत्या भिंतींचा माग काढत चर खणण्याची जुनी रीत सोडून मोठे क्षेत्र एकदम उघडायचे, हा धडा ब्रिटनच्या मध्ययुगीन पुरातत्त्वाला मिळाला तो मुख्यतः इथे.

गाव उजाड का झाले? प्लेगने, असे लोक चटकन सांगतात. 1349 ची साथ भयंकर होती, यात शंका नाही; पण त्यानंतरही 1368 मध्ये इथली तीसेक घरे नांदती होती. माणसे हळूहळू कमी झाली, मजुरी महागली, लोकरीला भाव आला आणि धान्यापेक्षा मेंढ्या परवडू लागल्या. 1500 च्या सुमाराला उरलेली चार घरेही जमीनदाराने उठवली. एका घावात गाव मेल्याच्या कथा सांगायला सोप्या असतात. म्हणूनच मी त्यांच्याकडे जरा संशयाने पाहतो.

या क्षेत्रात मते बदलतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तिथल्या लांबट घरांत एकाच आढ्याखाली एका टोकाला माणसे आणि दुसऱ्या टोकाला गुरे राहत. ही घरे तकलादू असत, दर पिढीला नव्याने बांधावी लागत, असे उत्खनकांना आधी वाटले होते. पुढे स्टुअर्ट रॅथमेल यांनी तेच पुरावे पुन्हा तपासले: वाकड्या जाड लाकडांच्या कैचीवर उभा असलेला सांगाडा भक्कम होता, बदलत होत्या त्या फक्त मधल्या भिंती. गरीब म्हणजे मोडकी झोपडी, हे समीकरण तिथे ढासळले. चर्चच्या आवारातल्या जवळजवळ सातशे सांगाड्यांनी तर कागदाला कधीच न कळलेल्या गोष्टी सांगितल्या. हाडांतल्या नायट्रोजनवरून कळते की आया मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. कुठल्या सरंजामदाराच्या हिशेबात ही नोंद सापडणार?

मराठी वाचकाला एक सावधगिरीची सूचना. हेन्री मेन यांनी 1871 मध्ये हिंदुस्थानातली खेडी आणि युरोपातली जुनी खेडी शेजारी ठेवून ग्रामसमाजाचा सिद्धान्त मांडला. तुलना मोहक आहे, आणि ‘गावगाडा’ वाचलेल्याला तर ती फारच ओळखीची वाटेल. पण व्हॉरमला वतनदार शोधू नका. आधी तिथली जमीन पाहा.

आणि जमिनीच्याही आधी चर्चची भिंत. गाव वाढले तेव्हा बाजूची दालने जोडली गेली. माणसे घटली तेव्हा ती पाडून मधल्या कमानी दगडांनी बुजवल्या. गाव उठल्यावरही आसपासचे लोक इथे प्रार्थनेला येतच राहिले, थेट 1949 पर्यंत. बुजवलेल्या कमानींची वळणे त्या भिंतीत अजून दिसतात.